मराठी फाइल उघडली आणि अक्षरं बिघडली, तर

सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये उघडली आणि नावांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए नि येनच्या खुणा दिसल्या, तर आधी एकच करा: फाइल सेव्ह करू नका. फाइल बहुधा धडधाकट असते, फक्त कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं चुकीचा लावलेला असतो. सेव्ह केलंत की मात्र खरंच नुकसान होऊ शकतं.

युनिकोड प्रत्येक चिन्हाला क्रमांक देतं. 'मुंबई'त आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाला पाच चिन्हं: म २३५०, उकार २३६९, अनुस्वार २३०६, ब २३४८, ई २३१२. हे क्रमांक बाइटांत कसे मांडायचे, ते एन्कोडिंग ठरवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'मुंबई' १५ बाइटांची. यूटीएफ-१६ मध्ये तीच १० बाइटांत बसते. यूटीएफ-८ मधला म म्हणजे २२४, १६४, १७४. विंडोज-१२५२ या युरोपीय तक्त्यात २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए. आपली सगळीच चिन्हं २२४ ने सुरू होतात, म्हणून तो पानभर पेरलेला दिसतो. तो दिसला की निदान झालं.

उपाय सोपा आहे. एक्सेलची कोरी फाइल उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी मजकुराची फाइल) आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. दुसऱ्याला पाठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात सेव्ह करा. त्यात सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन खुणेचे बाइट येतात, त्यामुळे डबल क्लिक करूनही यादी नीट उघडते. काही प्रोग्रॅम मात्र या खुणेला पहिल्या स्तंभाच्या नावाचाच भाग समजतात, आणि 'नाव' हा स्तंभ समोर दिसत असून सापडत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अशी फाइल 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग देऊन वाचावी.

'मुंबई'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं असतील, तर खेळ संपला. साध्या सीएसव्हीच्या तक्त्यात म ला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह, लिहिलं गेलं. मूळ प्रत शोधा.

गिरगाव-दादरकडच्या जुन्या डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर जुळवलेल्या, फायलींचं दुखणं वेगळं. युनिकोड रुळण्याआधीच्या कित्येक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट काढला की खाली नुसती रोमन खिचडी. इथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही. फॉन्टचं नेमकं नाव शोधून त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरावा लागतो. रूपांतर झाल्यावर 'शिवडी' आणि 'कुर्ला' तपासा. जुन्या फॉन्टात वेलांटी श च्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती श नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: आधी तो 'ला'नंतर यायचा, आता र आणि हलन्त ल च्या आधी. कन्व्हर्टर चुकतात ते बहुतेक इथेच.

आता एक खास मराठी डोकेदुखी. 'ॲड.' शोधल्यावर निम्मेच वकील सापडतात. ॲ ला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीची सवय म्हणजे अ आणि वर चंद्र, अशी दोन चिन्हं. दिसायला सारखं, पण क्रमांक निराळे, आणि एकच अक्षर लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती एकसारख्या करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही ते जुळवून देत नाही. 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे २४१८ करून टाका. 'कुऱ्हाडे'तल्या ऱ्ह चंही तेच: कुणी ऱ म्हणजे २३५३ वापरतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा ८२०५ जोडक. यादीत एकच पद्धत ठेवा.

पाणी बंदचा एसएमएस धाडणार असाल, तर १४० बाइटांत रोमन १६० चिन्हं मावतात, मराठी फक्त ७०. काना-मात्रा-वेलांटी सगळं मोजलं जातं: 'पाणी उद्या बंद' यातच १४ गेली. ७० च्या वर गेलात की संदेशाचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे पडतात, आणि पैसे तुकड्यागणिक लागतात.