वाटी पुन्हा सरकली तर: चार ऑपरेशनांनंतर लिहून ठेवलेलं

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी पहिल्यांदा सरकली तेव्हा मी १५ वर्षांची होते. अमळनेरला, शाळेच्या मैदानावर, खो मिळाल्यावर वळताना. दुसऱ्यांदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी, निंबाच्या झोक्यावरून उतरून मागे वळले तेव्हा. दोन्ही वेळा पाऊल जमिनीत घट्ट आणि अंग फिरलेलं. आज मी २७ ची आहे. उजव्या गुडघ्यावर तीन ऑपरेशनं झाली, डाव्यावर एक. प्रत्येक वेळी आजी डोक्यावरून हात फिरवत विचारते, "पोरी, आते आखो कितला डाव कापतीन?" आता अजून किती वेळा कापतील, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्यांना कोवळ्या वयात पुन्हा पुन्हा टेबलावर जावं लागतं, त्यांना मी शिकलेलं सांगू शकते.

आधी आपल्या गुडघ्यात काय बिघडलंय ते नीट समजून घ्या. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा एक पट्टा असतो, त्याला डॉक्टर एमपीएफएल म्हणतात. वाटी बाहेर सरकते तेव्हा तो फाटतो. माझ्या पहिल्या ऑपरेशनात मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) घेऊन तो नवा केला. तरी तीन वर्षांनी वाटी सरकलीच, कारण नडगीच्या हाडावरचा जो उंचवटा वाटीला खाली ओढतो, तोच माझा बाहेरच्या बाजूला होता. वाटी ज्या खोबणीत सरकते तिच्यापासून हा उंचवटा किती बाहेर आहे, हे अंतर स्कॅनवर मोजतात, टीटी-टीजी म्हणतात त्याला; २० मिलिमीटरच्या वर असेल तर डॉक्टर हाड सरकवण्याचा विचार करतात. दुसऱ्या वेळी तो उंचवटा कापून आत घेतला आणि दोन स्क्रूंनी बसवला. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी एकच प्रश्न विचारा: "पहिलं का टिकलं नाही?" याचं सरळ उत्तर मिळेपर्यंत तारीख घेऊ नका.

आता फाईल. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण इथेच मी फसले. ते दोन स्क्रू कातडीखाली टोचायचे, देवापुढे गुडघा टेकता येत नव्हता, म्हणून दोन वर्षांनी काढायचे ठरले. हे तिसरं ऑपरेशन. नव्या डॉक्टरांनी विचारलं, स्क्रू कोणत्या कंपनीचे, डोकं कोणत्या मापाचं? माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर "स्क्रू फिक्सेशन" एवढंच. जिथे ऑपरेशन झालं तिथे गेलो तर फाईल सापडत नाही म्हणाले. प्रत्येक मापाच्या स्क्रूला त्याचाच पाना लागतो. छोटं म्हणून सांगितलेलं काम दोन तास चाललं, आणि पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलेली मी पडद्याच्या अलीकडे पान्यांचा आवाज ऐकत पडले होते.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच तीन गोष्टी मागा: ऑपरेशनची सविस्तर नोंद, इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवलेल्या स्क्रूसारख्या वस्तूंच्या, पाकिटावरचं स्टिकर, आणि एक्स-रे, एमआरआयच्या सीडी. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असं आहे, म्हणून लेखी अर्ज करा, लाजू नका. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल, तर भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून हेच ऑपरेशन यादीत बसतं का ते विचारा.

तारीख निवडायची मुभा असेल तर खान्देशात मे महिना टाळा. ४४-४५ अंशांत मांडीपासून पोटरीपर्यंत लांब ब्रेस, म्हणजे पट्ट्यांचा आधार, घातला की आत घामोळ्या उठतात, त्या खाजवता येत नाहीत. मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास चढतो, म्हणून चौथ्या वेळी, डाव्या गुडघ्यासाठी, ऑगस्ट घेतला. पाऊस होता, तर कुबड्यांचे रबरी बूट नवे बसवले आणि आईने मोरीत, ओट्यापाशी गोणपाट टाकलं. ब्रेसखाली जुन्या सुती लेगिंगचा पाय कापून घाला, घाम टिपला जातो.

घरी यायच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, भाड्याने मिळते. बाजेवर झोपू नका. ती मधून झोळते आणि गुडघा वाकडाच राहतो. कडक पलंग किंवा जमिनीवर गादी, पण गादीवरून उठायला सुरुवातीला दोन माणसं लागतात.

आणि उशी. येणारा प्रत्येक पाहुणा मायेने गुडघ्याखाली उशी सरकवेल. बरंही वाटतं, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग सरळ व्हायला महिने घेतो. उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, आणि मांडी आवळून वाटी वर ओढली जाते का बघा. पहिल्या ऑपरेशननंतर मी आवळत होते आणि वाटीवरची कातडी हलतही नव्हती. जणू मांडी माझी नव्हतीच. सहाव्या दिवशी वाटीच्या वर एक बारीकशी खळी पडली. मी आईला हाक मारली, ती पीठ मळता मळता धावत आली, आणि आम्ही दोघी त्या खळीकडे बघत रडलो. तुमची खळी दुसऱ्या दिवशी दिसेल किंवा दहाव्या. आवळत राहा.

जिन्याचं सूत्र: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय. एसटीच्या पायरीलाही तेच. भार हातांवर घ्या, काखेवर नाही. कुबडी आणि काखेत दोन-तीन बोटं जागा हवी.

मालिश नको म्हणजे नको. काकू मोहरीचं तेल घेऊन बसली तरी हात जोडा. पोटरी दुखतेय, सुजलीय, गरम लागतेय, तर आत रक्ताची गाठ असू शकते. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका, १०८ ला फोन करा. थंडी वाजून ताप, टाक्यांतून पू, वाढती लाली, बसल्यावर उठणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी, यांसाठीही डॉक्टरांना फोन करा. रात्र असली तरी.

मग सगळे कामाला लागतात, आणि तुम्ही आणि तुमचा पाय उरता. या दिवसांत मला मोजपट्टीने धरून ठेवलं. दर रविवारी वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. चौथ्या ऑपरेशननंतर डावी ३९ होती, उजवी ४३. लोक विचारायचे, आता बरं आहे ना, आणि स्थळं बघणारे आईला बाजूला घेऊन विचारायचे, पोरीच्या पायात काही दोष आहे का. त्या रात्री मी वही उघडायचे. ३९, ३९, साडेएकोणचाळीस.

भीती मात्र मोजपट्टीत येत नाही. ओल्या फरशीवर पाऊल टाकताना अजूनही श्वास अडकतो. फिजिओताईंनी मला वळायला नव्याने शिकवलं: अंग फिरवायच्या आधी पाऊल उचल, छोटी छोटी पावलं टाकत वळ. पोळ्या लाटताना, ओट्याकडून फ्रीजकडे जाताना मी तसंच वळते. यंदा आखाजीला झोक्यावर बसले. उतरताना धाकट्या मामेबहिणीने झोका धरला, मी दोन्ही पावलं टेकवली, थांबले, आणि तीन पावलांत वळले.