एक माणूस वाढवण्याआधी

नवा माणूस घ्यायचं ठरलं की आधी डोकी मोजा, आणि ती कामावरची मोजा, कागदावरची नकोत. कंत्राटदाराची माणसं, अर्धवेळ येणारे, शिकाऊ यांतलं कोण धरायचं हे कायद्यातल्या व्याख्येवरून ठरतं, शेजारच्या धंदेवाल्याच्या सांगण्यावरून नाही. किती माणसं झाली की कायदा लागू होतो, हा आकडा देशागणिक बदलतो. भारतातल्या १९४८च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्यांसाठी १० आणि न वापरणाऱ्यांसाठी २० कामगारांची रेघ आखली होती. फ्रान्समध्ये ५० माणसं झाली की बऱ्याच जबाबदाऱ्या एकदम अंगावर येतात, म्हणून तिथे ४९वर अडून बसलेल्या कंपन्या पुष्कळ.

अडून बसावं का? आधी हिशेब मांडा. नव्या माणसाचा पगार हा त्यातला लहान भाग. रेघ ओलांडल्यावर जुन्या सगळ्यांनाही जे देणं लागू होईल, ते महिन्याच्या उलाढालीशी ताडून पाहा. झेपत नसेल तर सरळ थांबा. एकाच जागेत दोन फर्मच्या पाट्या लावण्याची युक्ती मात्र करू नका. मालक तोच, यंत्रं तीच, जेवणाची सुट्टीही एकच. बाहेरून आलेल्या सरकारी तपासनिसाला हे कळायला वेळ लागत नाही.

मग हजेरीपट उघडा. सगळा महिना एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेला ओळखू येतो. सुट्टीच्या दिवशीही सगळे हजर, उशिरा कुणीच नाही, खाडाखोड तर औषधालाही नाही! असा पट नसलेला बरा. तो रोजच्या रोज भरला जाईल अशी सोय करा, आणि पगारपत्रकातले दिवस त्याच्याशी जुळतात का ते पाहा. ओव्हरटाइमचा रकाना वेगळा ठेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९मध्येच उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तुमच्याकडचा नियम त्याहून कडक असू शकतो. नेमणूकपत्रं, रजेचा हिशेब, पगाराच्या पावत्या एका फाइलीत लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या दिवसाचं.

त्याच संघटनेच्या १९४७च्या करारात तपासनिसाला आगाऊ न कळवता, दिवसा-रात्री केव्हाही आत येण्याची मुभा आहे. तेव्हा तुम्ही जागेवर नसताना त्या फाइलीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असेल, तेही आजच ठरवून टाका.