अमेरिकी काँग्रेस सदस्यांसोबतचा दौरा : नागरी कर्मचाऱ्याने प्रवासखर्चाचे देयक कसे सादर करावे

अमेरिकेच्या संरक्षण विभागातील नागरी (सैन्यात नसलेल्या) कर्मचाऱ्याला काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसदेच्या सदस्यांसोबत परदेश दौऱ्यावर पाठवले जाते, तेव्हा त्याचा खर्च संयुक्त प्रवास नियमावलीनुसार (विभागाच्या प्रवासखर्चाच्या नियमांनुसार) मिळतो; म्हणून निघण्यापूर्वी प्रवास आदेश नीट वाचून घ्यावा.

सर्वाधिक अडचण निवासाची येते. शिष्टमंडळ ज्या हॉटेलात उतरते तिथेच राहणे कामासाठी आवश्यक असते आणि तिथले भाडे बहुधा परवानगीच्या दरापेक्षा जास्त असते. समजा, परराष्ट्र विभागाने त्या शहरासाठी ठरवलेला निवासदर 200 डॉलर आहे आणि हॉटेल 290 डॉलर घेते, तर वरचे 90 डॉलर कर्मचाऱ्याच्या खिशातून जाऊ नयेत यासाठी प्रत्यक्ष खर्च भत्त्याची (ठरलेल्या दरापेक्षा जास्त झालेला प्रत्यक्ष खर्च भरून देणाऱ्या भत्त्याची) मंजुरी, कारण स्पष्ट लिहून, शक्यतो आधीच मागावी. हा भत्ता निर्धारित दराच्या 300 टक्क्यांपर्यंत मंजूर होऊ शकतो. परदेशात हॉटेलवरील कर निवासदरातच धरलेला असतो, त्यामुळे तो वेगळा मागता येत नाही.

यजमान सरकारने जेवण दिले असेल तर ते देयकात प्रामाणिकपणे नोंदवावे, कारण त्यानुसार भोजनभत्ता कमी होऊ शकतो. प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी हा भत्ता 75 टक्केच मिळतो.

निवासाची पावती रक्कम कितीही असली तरी जोडावी लागते. इतर खर्चासाठी 75 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची पावती लागते. परतल्यावर पाच कामकाजी दिवसांत देयक सादर करावे.