मनगटावरच्या कारकुनाची कीर्द कशी तपासावी

माझी सव्वीस वर्षं दुसऱ्यांची खाती तपासण्यात गेली. त्यामुळे लेकीने वाढदिवसाला हातात स्मार्टवॉच बांधलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वाटलं, हा नवा कारकून भलताच ठामपणे लिहितोय. काल तुम्ही ६ तास ४८ मिनिटं झोपलात, त्यातली ५२ मिनिटं गाढ. अगदी मिनिटापर्यंत! ज्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशोबवहीत, एकही खाडाखोड नसते, ती आम्ही आधी उघडतो.

माझं त्याच्याशी वैर नाही, बरं का. तीन वर्षं झाली, घड्याळ अजून हातात आहे. पण त्याचं कोणतं ऐकायचं आणि कोणतं सोडून द्यायचं हे कळायला मला सहा महिने लागले. तुमचं ते पंधरा दिवसांत उरकावं म्हणून हे लिहितेय. बँड असो, घड्याळ असो की बोटातली अंगठी, रीत तीच.

आधी मोजलेलं काय आणि मांडलेलं काय, हे वेगळं करा. घड्याळ उलटं करून पाहा, मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं आणि प्रकाश कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जास्त येतो. हा चढउतार मोजून नाडी काढतात. शिवाय आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो. बहुतेक घड्याळांची खरी मिळकत मुख्यतः एवढीच. काहींत जीपीएस, कातडीचं तापमान, ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड दिवे, अशी भर. बाकी कॅलरी, झोपेचे टप्पे, ताण, 'शरीराचं वय', हे सगळं त्यावरून मांडलेलं गणित. नाडी ही पावती आहे, स्लीप स्कोअर, म्हणजे घड्याळाने झोपेला दिलेले गुण, हा अंदाजपत्रकातला आकडा.

म्हणून पहिलं काम, अॅपमध्ये जाऊन स्वतःची माहिती स्वतः भरा. वय, उंची, वजन, घड्याळ कोणत्या हातात बांधता ते. माझ्या लेकीने प्रेमापोटी माझं वजन पाच किलो कमी लिहिलं होतं, आणि दोन महिने माझ्या कॅलरी त्या सडपातळ बाईच्या नावाने निघत होत्या.

दुसरं काम पट्ट्याचं. मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर घड्याळ बांधू नका, हाडापासून एक बोट वर, कोपराकडे सरकवा. पट्टा इतका घट्ट, की घड्याळ हलवलं तर खालची कातडीही सोबत हलावी, पण काढल्यावर वळ उमटू नये. व्यायामाला एक भोक आवळा, झाल्यावर परत सैल करा. हात गार पडले असतील किंवा तिथे गडद गोंदण असेल, तर दिव्याला नीट दिसत नाही. ती घड्याळाची चूक नाही.

आता नाडीचा ताळा घ्या. पाच मिनिटं शांत बसा. तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली, मनगटाच्या कडेला ठेवा. अंगठ्याने नाडी बघू नका, त्याला स्वतःचे ठोके असतात, गोंधळ होतो. पूर्ण एक मिनिट मोजा. माझे ६८ आले, घड्याळ म्हणालं ६७. पसंत.

पण बसून ताळा जमला म्हणून पळतानाही जमेल असं नाही. एका सकाळी मी नेहमीच्या चालीने चालत होते, फारशी दमलेही नव्हते, आणि पडद्यावर नाडी १२४. मी तिथेच थांबले, गळ्याशी बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले. २५ ठोके, म्हणजे मिनिटाला १००. मग १२४ आले कुठून? पुन्हा चालायला लागले आणि पावलं मोजली, मिनिटाला १२४! कारकुनाने पावलांची नोंद नाडीच्या रकान्यात टाकली होती. पट्टा सैल असला की पाऊल पडताना घड्याळ ठेक्यात हिसकतं आणि तो ठेका त्याला ठोक्यासारखा वाटतो. धावणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा. त्यांची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि घड्याळ नाडीही तेवढीच दाखवायला लागतं. उपाय म्हणजे पट्टा आवळणं, घड्याळ आणखी वर सरकवणं. नेमका आकडा हवाच असेल, तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत लहरींवर चालतो.

पावलांचा ताळा सोपा. मनात २०० पावलं मोजत चाला आणि आकडा आधी-नंतर बघा. माझे १९४ आले, एवढी घट चालते. पण घड्याळ पाय बघत नाही, हात बघतं, हे विसरू नका. मी रोज संध्याकाळी सासूबाईंना व्हीलचेअरवरून फिरवून आणते, चांगला अर्धा तास. दोन्ही हात दांड्यावर स्थिर, त्यामुळे घड्याळाच्या लेखी मी उभीच. एकदा गंमत म्हणून घड्याळ त्यांच्या हातात बांधलं. त्या खुर्चीत बसून विणत होत्या. परत आलो तेव्हा त्यांच्या नावावर तीनशेवर पावलं! "बघ, मी तुझ्यापेक्षा जास्त चालले," म्हणाल्या. बाळाची गाडी किंवा सामानाची ट्रॉली ढकलणाऱ्यांचंही हेच होतं. अशा वेळी फोन खिशात ठेवून त्याच्याकडून पावलं मोजून घ्या, नाहीतर घड्याळात 'चालणे' हा व्यायाम सुरू करून निदान वेळ तरी नोंदवा.

आणि १०,००० चं ओझं उतरवा. हा आकडा दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. विक्रीसाठी धरलेला गोल आकडा जगभर नियम होऊन बसला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास ही घट थांबली. अर्थात, ज्यांना मुळातच बरं वाटतं त्या जास्त चालतात, हेही त्यात आलं. तरी लक्ष्य १०,००० वरून आपल्या नेहमीच्या सरासरीच्या जरासं वर आणायला तेवढं कारण मला पुरलं. मी ६,५०० ठेवलंय.

कॅलरींचं काय करायचं? उचंत खात्यात, म्हणजे कुठेच न बसणाऱ्या रकमांच्या खात्यात, टाका आणि विसरा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणं तपासली. नाडी सातपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने दिली, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात बऱ्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची ९३. यंत्रं तेव्हापासून सुधारली असतील. तरी 'आज ४०० जाळल्या, म्हणजे ४०० खायला मोकळी' हा हिशोब मी कुणालाही पास करून देणार नाही.

आता झोप. माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच. मीही अडकले होते.

झोपेचे टप्पे खरोखर मोजायचे तर प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात आणि मेंदूच्या लहरी बघतात. घड्याळाला मेंदू दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच, की हात हलत नाही आणि नाडी संथ झाली. म्हणून निपचित पडलेला माणूस त्याला सहज झोपलेला वाटतो. एका रात्री मी कुशीवर पडून एक वाजेपर्यंत कादंबरी वाचली, पानं उलटायला फक्त उजवा हात. घड्याळ डाव्या हातात. सकाळी नोंद बघते तर झोप लागली ११:२०! ज्यांना झोप येत नाही, जे तासन्‌तास न हलता छताकडे बघत पडतात, त्यांच्याबाबतीत तर घड्याळ हमखास जास्त झोप लिहितं. 'गाढ' आणि 'हलकी' यांतल्या मिनिटांच्या फरकावरून काळजी करत बसू नका, त्या रेषा अंदाजाने ओढलेल्या असतात.

मी केलं ते असं. पंधरा दिवस उशाशी एक छोटी वही ठेवली. सकाळी उठल्यावर, घड्याळाकडे बघायच्या आधी, तीन गोष्टी लिहायच्या. दिवा कधी बंद केला, जाग कधी आली, आणि ताजंतवानं किती वाटतंय ते दहापैकी. मग अॅप उघडायचं आणि शेजारी त्याचा स्कोअर लिहायचा. क्रम महत्त्वाचा आहे. आकडा आधी पाहिला, की आपण त्याच्या मताने दमतो. मला हे एका सोमवारी कळलं. छान वाटत होतं, अॅप उघडलं तर स्कोअर ५८, आणि दहा मिनिटांत डोकं जड. नवरा म्हणाला, "अगं, रात्रभर घोरत होतीस. झोप झाली नाही हे तुला सांगितलं कुणी?" आकड्यांच्या नादाने झोप बिघडवून घेण्याला ऑर्थोसोम्निया म्हणतात. २०१७ मध्ये संशोधकांनी हे नाव सुचवलं, घड्याळं दाखवत येणारे रुग्ण बघून. पंधरा दिवसांनी माझी वही आणि घड्याळ निजण्या-उठण्याच्या वेळांत बहुतेक दिवस जुळली, गाढ झोपेशी माझ्या ताजेपणाचा काही मेळ लागला नाही. तेव्हापासून गाढ झोपेचा रकाना मी उघडतच नाही.

मग बघायचं काय? एक, झोपायची वेळ रोज किती सरकते. दुसरं, रात्रीची विश्रांतीतली नाडी, तीही सात दिवसांची सरासरी, एकेका रात्रीची नव्हे. हा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण तो मोजलेला आहे आणि तुलना स्वतःशीच आहे. माझी महिनोन्‌महिने ६१ ते ६३ असते. एकदा मंगळवारी ७० आली, बुधवारी ७२. पट्टा दोनदा तपासला. बुधवारी संध्याकाळी अंग दुखायला लागलं आणि रात्री ताप. दरवेळी असं आधी कळेल असं नाही, पण दोन-तीन दिवस नाडी चढी दिसली तर मी व्यायाम हलका करते. उशिरा जेवण, दारू, प्रवास, उकाडा यांनीही ती चढते. प्रयोग करायचा तर एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. मी फक्त जेवणाची वेळ दहावरून आठवर आणली, तर नाडी आधी मध्यरात्रीनंतर उतरायची ती झोप लागल्यावर लवकरच उतरायला लागली. सोबत चहाही सोडला असता, तर जमा कुणाच्या नावे धरायची?

एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतराचा कमीजास्तपणा, हाही स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघा. मैत्रिणीचा ६० आणि तुमचा २८ असला तरी काही बिघडत नाही, वयाप्रमाणे आणि माणसागणिक तो फार बदलतो. 'ताण' दाखवणाऱ्या पट्टीवर तर मी हसून लोळत होते तेव्हा लाल आलेलं आहे.

आजाराच्या बाबतीत मात्र शहाणपण घड्याळावर सोडू नका. काही घड्याळांतली ईसीजीची सोय हृदयाची एक प्रकारची अनियमित लय पकडू शकते, पण हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखतंय किंवा धाप लागलीय, आणि घड्याळ सगळं ठीक म्हणतंय, तर डॉक्टरांकडे जा, घड्याळाकडे नाही. उलट, अनियमित नाडीची सूचना पुन्हा पुन्हा आली तर ती नोंद फोनमध्ये जपून ठेवून डॉक्टरांना दाखवा. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारं घड्याळ घेऊच नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहायला सांगितलं, आणि स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा एकाही उपकरणाला परवानगी दिलेली नाही हेही स्पष्ट केलं.

पट्ट्याखाली खाज आणि लाल चट्टा आला, तर घाबरू नका. माझ्याबाबतीत कारण साबण होता. भांडी घासताना फेस आत जायचा आणि दिवसभर तसाच राहायचा. आता अंघोळीला घड्याळ काढते, तेवढ्यात ते चार्जही होतं. मनगट आणि पट्टा कोरडा करूनच परत बांधते. चट्टा असेल तर बरा होईपर्यंत दुसऱ्या हातात बांधा आणि अॅपमध्ये हात बदलल्याचं सांगा.

सूचनांपैकी मी दोनच ठेवल्यात, सकाळचा कंपनाचा गजर आणि अनियमित नाडी. 'उठा, जरा हला' हे मला सगळ्यांसमोर कुणी सांगितलेलं आवडत नाही.

धावण्या-चालण्याचे नकाशे सगळ्यांना दिसत नाहीत ना, हेही बघून घ्या. धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अॅपने २०१७ च्या शेवटी वापरणाऱ्यांच्या वाटांचा जगाचा नकाशा छापला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की सैनिक तळांभोवती जवान कुठे धावतात तेही त्यात उजळून निघालंय. घराच्या आसपासचा भाग लपवायची सोय सेटिंगमध्ये असते, तेवढी सुरू करा.

घड्याळ दुसऱ्याला देताना आधी ते फोनपासून तोडा, मग घड्याळातलं सगळं पुसून पहिल्यासारखं करा. मी जुना बँड भाच्याला तसाच देऊन टाकला. तो माझा जुना फोनही वापरत होता, आणि त्यावर माझंच खातं उघडं होतं. रात्री नऊला मी अंथरुणात, आणि माझ्या खात्यावर १४,००० पावलं आणि सव्वा तास फुटबॉल.