रेनेसाँच्या चित्रांवरून केलेली जुनी रेखाटने पाहताना या चुका टाळा

रेनेसाँच्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय कलेच्या बहराच्या काळात रोममध्ये काम केलेल्या राफाएलच्या चित्राशी जुळणारे जुने रेखाटन दिसले की ते मूळ चित्रासमोर बसूनच काढले असणार, असे पटकन धरले जाते. सर्वांत मोठी चूक हीच. रोम कधीच न पाहिलेल्या असंख्य चित्रकारांपर्यंत राफाएल पोहोचला तो तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांतून, आणि त्यांत मार्कान्तोनियो रायमोंदी या इटालियन कोरणाऱ्याचे काम फार दूरवर गेले.

म्हणून आधी डावे-उजवे तपासा. पत्र्यावर चित्र सरळ कोरले की छाप उलटा येतो. मूळ चित्रात उजव्या हातात असलेली तलवार रेखाटनात डाव्या हातात दिसली, तर प्रत बहुधा छापावरून केलेली आहे. दिशा जुळली म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. काही कोरणारे चित्र आधीच उलटवून घेत. मग सावल्या पाहा. अंगाच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या समान अंतराच्या रेषा हे कोरणीचे वळण. भित्तिचित्रावरून काढणाऱ्याला अशा रेषांचे जाळे समोर दिसतच नाही.

कागद उजेडासमोर धरा. कागद बनवण्याच्या तारजाळीच्या रेषा अजिबात नसलेला, एकसारखा 'वोव्ह' नावाचा कागद युरोपात १७५० च्या दशकात आला. त्यावरची प्रत सोळाव्या शतकातली असूच शकत नाही. उलट, कागद जुना म्हणून रेखाटनही जुने, हेही खरे नाही. बाजूने तिरपा उजेड टाकला की गिरवल्याच्या दाबखुणा उठून दिसतात.

एका कागदावर एकच हात असतो, हा समजही सोडा. लिओनार्दोचे 'अंगियारीची लढाई' हे चित्र फ्लॉरेन्समधल्या ज्या दालनाच्या भिंतीवर होते, त्याची १५६० च्या दशकात पुनर्रचना झाली तेव्हापासून ते दिसेनासे झाले. चित्रकार रूबेन्सचा जन्म १५७७ चा, म्हणजे मूळ चित्र त्याने पाहिलेलेच नव्हते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले या लढाईचे प्रसिद्ध रेखाटन आधीच्या इटालियन प्रतीवर रूबेन्सने हात फिरवून केलेले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातल्या घोड्यांचा आवेश सगळाच लिओनार्दोच्या खात्यावर मांडता येत नाही.

प्रतीला नुसती नक्कल म्हणून बाजूला सारणे मात्र सर्वांत नुकसानीचे. १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइट ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी फतेहपूर सिक्रीत अकबराला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. त्यात कोरीव चित्रे होती. पुढे १६०० च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुल हसन या मुघल चित्रकाराने जर्मन चित्रकार ड्युररच्या १५११ च्या क्रूसारोहणाच्या छापातला फक्त संत जॉन उचलला. क्रूस नाही, बाकीची माणसे नाहीत. हात गुंफून उभी असलेली एकच व्यक्ती. अशा प्रतीची नोंद करताना काय घेतले याइतकेच काय वगळले तेही लिहा.