सीमाभागात दिव्यांग-आरोग्यसेवेची आंतरवासिता कशी आखावी

आमच्या पुनर्वसन केंद्रात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली, तेव्हा मी प्रत्येकाला एका रुग्णाचा केसपेपर लिहायला सांगितला. खानापूरच्या पश्चिम भागातून आलेल्या एका बाईंनी "हात जड झालाय, रात्री मुंग्या येतात आणि पहाटे ठणका लागतो" असे सांगितले आणि समोर बसलेल्या विद्यार्थिनीने या सगळ्यासाठी वेदना या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहिला. जडपणा, मुंग्या आणि ठणका यांची कारणे वेगवेगळी असू शकतात, हे तिला परीक्षेपुरते पाठ होते. परंतु समोरच्या बाईंच्या बोलण्यातून ते ओळखायचे कसे, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. तिच्यासाठी मी आखलेल्या वेळापत्रकात विभागांची नावे होती, तारखा होत्या, पण रुग्णाशी बोलायला शिकण्यासाठी एक तासही राखून ठेवलेला नव्हता. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जे शिक्षक किंवा संस्थाचालक फिजिओथेरपी, नर्सिंग, वाचा व श्रवणोपचार, वैद्यक किंवा समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू करू पाहत आहेत, त्यांनी ही चूक पुन्हा करू नये म्हणून पुढील पद्धत सविस्तर मांडत आहे.

विभागाऐवजी माणूस नेमून द्यावा

आंतरवासितेची नेहमीची आखणी म्हणजे पंधरा दिवस एका विभागात आणि पंधरा दिवस दुसऱ्या विभागात. त्याने हाताला वळण लागते, हे खरे. परंतु विद्यार्थ्याला दिव्यांग व्यक्ती फक्त टेबलाच्या पलीकडे बसलेली दिसते. तिथे पोहोचण्यासाठी तिने काय काय केले, हे त्याच्यापर्यंत येतच नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला दोन किंवा तीन व्यक्ती, त्यांच्या संमतीने, पूर्ण कालावधीसाठी जोडून द्याव्यात. त्यांच्या घरापासून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून प्रमाणपत्र, साधन आणि पुन्हा घर, असा सगळा रस्ता विद्यार्थ्याने त्यांच्यासोबत चालावा.

प्रमाणपत्राचाच रस्ता घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि आता त्यासोबत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांसाठीचे देशपातळीवरचे ओळखपत्र काढावे लागते. अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणीच्या दिवशी रुग्णालयात हजर राहायचे, एखादा कागद राहिला तर पुन्हा यायचे, असा हा क्रम आहे. जांबोटीच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्या माणसाची, आणि त्याला घेऊन येणाऱ्या भावाची किंवा बायकोची, प्रत्येक खेपेला एकेक दिवसाची मजुरी बुडते. ही खेप ज्या विद्यार्थ्याने एकदा स्वतः केली, तो पुढे कुणालाही सहज "पुढच्या सोमवारी या" असे सांगणार नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी बरेच जण स्वतः दिव्यांग असतात. कोणत्या घरात कोण आहे, कोणाचा दाखला अडला आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. पहिल्या आठवड्यातच विद्यार्थ्यांची त्यांच्याशी ओळख करून द्यावी. लहान मुलांच्या बाबतीत आशा आणि अंगणवाडी सेविका, तसेच शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक यांच्यासोबतही एखादा दिवस ठेवावा.

सीमेचा एक खास प्रश्न इथेच उभा राहतो. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातील रुग्णांना उपचारासाठी कर्नाटकातले बेळगाव जवळ पडते. यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालते, परंतु पेन्शन आणि बसची सवलत ज्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे मिळते. रुग्ण कोणत्या राज्याचा रहिवासी आहे हे न विचारता विद्यार्थ्याने त्याला एखाद्या योजनेची आशा दाखवली, तर त्या माणसाला व्यर्थ हेलपाटा पडतो. रहिवासाचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्याची सवय लावावी.

व्यक्ती निवडताना आणखी एक काळजी घ्यावी. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन यांचाही समावेश झाला. विद्यार्थ्याच्या मनात मात्र कुबड्या आणि चाकाची खुर्ची यांचेच चित्र असते. त्याला जोडलेल्या व्यक्तींपैकी किमान एकीचे दिव्यांगत्व डोळ्यांना न दिसणारे असावे.

भाषेची तयारी

या भागात ही तयारी सर्वांत जास्त वेळ मागते आणि तो वेळ द्यावाच लागतो. रुग्ण मराठीत बोलतो, सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतो, केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो आणि औषधाची चिठ्ठी समजावणारा कर्मचारी कदाचित उर्दू किंवा कोकणी घरातला असतो. ज्याला ऐकू कमी येते किंवा ज्याची आकलनाची गती निराळी आहे, त्याच्यासाठी या चार भाषांमधली प्रत्येक उडी ही आणखी एक पायरी ठरते. भाषेचा सार्वजनिक वाद या भागात जुना आहे आणि त्याबद्दल प्रत्येकाला आपले मत असते. तपासणीच्या खोलीत मात्र रुग्णाची भाषा हीच कामाची भाषा, हा नियम पहिल्या दिवशी सर्वांसमोर स्पष्ट सांगावा आणि तो मराठी तसेच कन्नड विद्यार्थ्यांना सारखाच लागू करावा.

मी एक मराठी बोलणारा आणि एक कन्नड बोलणारा, अशा विद्यार्थ्यांच्या जोड्या लावते. दोघांनी मिळून एक वही ठेवायची. तिच्यात रुग्णांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवायचे: मराठीत कळ, ठणका, चमक, शिणवटा, वळ, मुंग्या, कन्नडमध्ये नोवु, उरि, जोमु. प्रत्येक शब्दासमोर त्या व्यक्तीला नेमके काय होत होते, ते लिहायचे. सहा आठवड्यांत ही वही कोणत्याही छापील शब्दसूचीपेक्षा उपयोगी होते, कारण तिच्यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी तोंडचा असतो.

प्रश्न नेहमी दिव्यांग व्यक्तीलाच विचारावा, सोबत आलेल्याला नव्हे. हे सांगायला सोपे आणि पाळायला अतिशय कठीण आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुणाचे वाक्य पूर्ण व्हायला एक मिनिट लागते, तेवढ्यात त्याची आई उत्तर देऊन मोकळी होते आणि घाईत असलेला विद्यार्थी ते लिहून घेतो. म्हणून पहिल्या भेटीसाठी दुप्पट वेळ राखून ठेवावा आणि आईला आदराने सांगावे, "काकू, आधी त्याचं ऐकून घेतो, मग तुमचंही ऐकतो." कर्णबधिर व्यक्तींसाठी भारतीय सांकेतिक भाषेतील तपासणीपुरत्या खुणा शिकवाव्यात, भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश उपलब्ध आहे. खेड्यातल्या अनेक कर्णबधिर व्यक्तींना ती भाषा शिकायला मिळालेलीच नसते, त्यांच्या घरातल्या खुणा वेगळ्या असतात. त्या घरच्यांकडून समजून घ्याव्यात आणि वहीत लिहाव्यात.

संबोधनाबाबत थोडक्यात सांगायचे तर मराठीत कोणी दिव्यांग म्हणते, कोणी अपंग हाच शब्द पसंत करते आणि कन्नड कागदांवर विकलचेतन असे लिहिलेले असते. व्यक्तीला विचारावे आणि ती सांगेल तो शब्द वापरावा. पांगळा, मुका, वेडा हे शब्द केंद्राच्या आवारात कोणाच्याही तोंडी येता कामा नयेत.

शिकवणारे आणि शिकणारे, दोन्हींत दिव्यांग व्यक्ती हव्यात

डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर चालायला लावण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी होतो. मला तो पटत नाही, कारण त्यातून विद्यार्थ्याला भीती आणि कीव तेवढी मिळते. दृष्टिहीन माणसाने वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य त्याला कळत नाही. त्याऐवजी चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीसोबत बसथांब्यापासून ओपीडीपर्यंत जावे आणि तिने दाखवलेल्या अडचणी मोजून लिहाव्यात. उताराची लांबी उंचीच्या किमान बारा पट हवी, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट; टेप घेऊन मोजले की कोणता उतार केवळ दाखवण्यापुरता बांधला आहे, ते लगेच समजते. या व्यक्तीला वक्त्याचे मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. डॉक्टरांच्या व्याख्यानाला मानधन आणि दिव्यांग व्यक्तीच्या अनुभवाला फक्त पुष्पगुच्छ, ही पद्धत मोडल्याशिवाय समावेशन हा शब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीही दार मुद्दाम उघडे ठेवावे लागते. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. केवळ ठरावीक टक्क्यांचे दिव्यांगत्व आहे म्हणून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का हे पाहिले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. आंतरवासितेच्या अर्जातच "तुम्हाला कोणती सोय लागेल?" असा प्रश्न असावा आणि त्या उत्तराचा निवडीवर परिणाम होणार नाही, हे त्याच ओळीत लिहावे. तळमजल्यावरची खोली, बसण्यासाठी उंच स्टूल, नोंदी बोलून लिहिण्याची मुभा, घरभेटीसाठी वाहन, अशा बहुतेक सोयींना फारसा खर्च येत नाही. विद्यावेतन देता येत नसेल तर निदान बसभाडे आणि दुपारचे जेवण द्यावे. नाहीतर ज्यांना घरून पैसे मिळतात, त्यांनाच ही आंतरवासिता परवडते.

संमती, छायाचित्रे आणि प्रकल्प

विद्यार्थ्यांना प्रकल्प अहवाल लागतो, म्हणून ते सर्वेक्षण करायला निघतात. इथे त्यांना थांबवावे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यासाठी तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती लागते आणि शिवाय अशा संशोधनासाठी शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही लागते. त्या समितीतील किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा नोंदणीकृत दिव्यांग संघटनांचे असावे लागतात. ही परवानगी नसेल तर विद्यार्थ्याने संशोधन करू नये, केंद्राच्या सोयींची पाहणी करून तिचा अहवाल द्यावा. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र काढून मोबाइलवर पाठवण्यास पूर्ण बंदी असावी. स्त्रियांच्या बाबतीत कलम १० अवश्य शिकवावे: दिव्यांग व्यक्तीच्या संमतीशिवाय तिच्यावर वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. मासिक पाळीच्या त्रासाला कंटाळलेले घरचे लोक गर्भाशय काढण्याबद्दल दबक्या आवाजात विचारतात. असा प्रश्न आला की विद्यार्थ्याने स्वतः उत्तर न देता त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगावे.

वेळापत्रक आणि शेवटचा दिवस

खानापूरच्या पश्चिम भागातील घरभेटी जून ते सप्टेंबर या काळात ठेवू नयेत. कणकुंबीकडच्या पावसात विद्यार्थीही अडकतात आणि घरातली माणसेही शेतात असतात. ऊसतोडीच्या हंगामात दुपारी घरी कोणी सापडत नाही, म्हणून सायंकाळ निवडावी. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रात, तीन दिवस केंद्रात आणि शनिवारी सकाळी सर्वांनी बसून वहीतील नोंदींवर चर्चा, असा क्रम आम्हाला मानवला आहे.

गुणांकनातील निम्मे गुण दिव्यांग व्यक्ती आणि तिच्या घरच्यांच्या हाती द्यावेत. त्यांना साधे तीन प्रश्न विचारावेत: याने तुमचे पूर्ण ऐकून घेतले का, सांगितलेल्या वेळी हा आला का, याच्यामुळे तुमचे कोणते काम झाले. विद्यार्थी समोर नसताना, पर्यवेक्षकाने त्यांच्या भाषेत विचारावेत.

शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याने जोडलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या घरी जावे. घरी करायचे व्यायाम तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत किंवा चित्रांत लिहिलेला कागद, पुढच्या तपासणीची तारीख, दाखल्याच्या अर्जाची पोच आणि गावातील पुनर्वसन कार्यकर्त्याचे नाव, एवढे तिच्या हाती द्यावे. पुढच्या तुकडीतील जो विद्यार्थी ती जबाबदारी घेणार आहे, त्यालाही त्या दिवशी सोबत न्यावे आणि "आता हे येतील" असे सांगून त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. तिने नको म्हटले, तर वहीतले तिचे पान तिथेच बंद करावे.