वेगाचं चलन आलंय? गाडीचा विमा रिन्यू करण्याआधीची तयारी

आधी गाडीचं आरसी, चालू पॉलिसी आणि लायसन हे तिन्ही कागद एकत्र काढा. आरसीवर जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. नंबर जुना असेल तर चलनाचा मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाही आणि प्रकरण परस्पर कोर्टात जातं. केंद्र सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर नंबर बदलता येतो, ते काम सगळ्यात आधी करा.

मग चलन शोधा, आणि दोन ठिकाणी शोधा. केए २२ किंवा केए २३ ची, म्हणजे बेळगाव-चिक्कोडीकडची गाडी सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलकडे गेली, की तिकडचा दंड महाराष्ट्राच्या महाट्रॅफिक पोर्टलवर चढतो. निपाणी, संकेश्वर, वंटमुरी घाट, हिरेबागेवाडी या पट्ट्यातला दंड ई-चलन परिवहनवर आणि कर्नाटक पोलिसांकडे बघावा लागतो. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप चढवणारी) आली तर उघडू नका. ते बँक खातं रिकामं करणारं जाळं आहे. सरकारी चलन असं येत नाही.

चलन उघडल्यावर रक्कम बघण्याआधी फोटो मोठा करून बघा. नंबरातला ८ आणि बी, ० आणि डी कॅमेरा चुकीचा वाचू शकतो. फोटोत दोन गाड्या असतील तर वेग नेमका कुणाचा, हेही तपासा. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ए नुसार नोटिशीत वेळ, ठिकाण, मोजणाऱ्या यंत्राचा तपशील आणि लावलेलं कलम असावं लागतं, आणि ती घटनेपासून १५ दिवसांत निघावी लागते. नोटीस कन्नडमध्ये असेल तर अंदाजाने सही करू नका. जाणकाराकडून कलम वाचून घ्या, कारण पुढचं सगळं त्या कलमाच्या आकड्यावर ठरतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ म्हणजे वेगमर्यादा ओलांडणं. कायद्यात कारसाठी १,००० ते २,००० रुपये दंड आहे. कलम १८४ म्हणजे धोकादायक चालवणं; त्यात पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय ताशी १३० किलोमीटरच्या वर गेल्यास थेट एफआयआर, असं कर्नाटक पोलिसांनी १ ऑगस्ट २०२४ पासून जाहीर केलं आहे.

आता विमा. बहुतेकांना भीती असते ती हप्ता वाढण्याची. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या सीसीवर. १ जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसी कारला ३,४१६ रुपये आहेत, चलन असो वा नसो. नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो तो क्लेम न घेतल्यामुळे, आणि चलनामुळे तो जात नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र जातो, म्हणून चलनाच्या भानगडीत रिन्यूअल लांबवू नका. वाहतूक गुन्ह्यांवर वेगळा हप्ता लावण्याची सूचना विमा नियामक आयआरडीएआयच्या अभ्यासगटाने २०२१ मध्ये केली होती, पण ती देशभर लागू झालेली नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर कंपनी स्वतः ठरवते, तेव्हा दोन-तीन कोटेशन घ्या. अर्जात लायसनवर कारवाई झाली आहे का असं विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी हमखास वर येते.

खरा धोका लायसनमध्ये आहे. वेगासाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करावं, असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं. पॉलिसीत साधी अट असते: अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे वैध लायसन हवं आणि तो अपात्र ठरलेला नसावा. निलंबनाच्या काळात तुम्ही गाडी ठोकलीत तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम फेटाळला जातो, आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षणही हातचं जातं. समोरच्या जखमीला कंपनी पैसे देईल, पण कोर्टाच्या आदेशाने तेच पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. तिथे घर-शेत पणाला लागतं. नुसता वेग जास्त होता, एवढ्यावरून ओन डॅमेज सहसा नाकारला जात नाही, कारण निष्काळजीपणासाठीच तर विमा असतो. शर्यत मात्र पॉलिसीतून वगळलेली असते.

म्हणून आरटीओची नोटीस आली तर सुनावणीला जा. बाजू मांडायची संधी देणं त्यांना बंधनकारक आहे. आदेश निघालाच तर अपिलाला ३० दिवस मिळतात. निलंबनाच्या काळात वैध लायसन असलेल्या घरच्या माणसाने गाडी चालवली तर पॉलिसीला धक्का लागत नाही. वडिलांच्या नावच्या गाडीला मुलाच्या चालवण्याने चलन आलं असेल, तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव सांगणं कलम १३३ नुसार मालकाला भाग आहे.

आणि तीन महिने संपले म्हणून लगेच स्टेअरिंग हातात घेऊ नका. उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन परत देऊ नये, असं कलम १९ मध्ये आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र द्या, लायसन ताब्यात घ्या, परिवहनवर स्थिती 'अॅक्टिव्ह' दिसते का बघा आणि तारखेसकट त्या पानाची प्रत पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवा. क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर तेच मागतो.